लक्ष्मी निघाली कुंतळा नानीकडे

आमच्या गल्लीतल्या कुंतळा नानीला वाईट म्हणताच येत नाही. कुणाचंही काही बघितलं की त्यात तिला एक तरी गोष्ट बरी सापडते. माझं उलट. मला आधी खोट दिसते, आणि दिसली की तोंड गप्प बसत नाही. म्हणून तर सुनेला चिता शिकायला मी नानीकडे धाडलं.

चिता म्हणजे आमच्याकडे भिजवलेले तांदूळ पाण्यात वाटून, ते पाणी बोटानं लावून काढायची नक्षी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अंगणात ती नसेल तर लक्ष्मी यायची कशी? माझी सून रश्मिता आमच्यातलीच, पण वाढली सुरतेत, मागांच्या खडखडाटात, एका खोलीत. तिला हे कुठलं येणार? माझा लेक टुकुना अजून तिकडेच मागावर कामाला आहे. तिला इथं सोडून जाताना म्हणाला, "बोउ, मार्गशीर्षापर्यंत बघू. नाही करमलं तर घेऊन जाईन." बोउला, आईला, असं सांगतात होय? तिला करमत नव्हतं हे दिसतच होतं. आणि मला तर ती हवी होती. रिकाम्या घरात ओरडायचं कुणावर?

नानी गोठ्याच्या मागच्या भिंतीवर शिकवते. संध्याकाळी भिंत सारवली की दिवसभराचं सगळं गेलं. यंदा तळ्याच्या पायरीवर घसरून तिचा उजवा हात मोडला, त्यामुळे सगळी शिकवणी तोंडानं. आधी नुसते ठिपके, मग रेघा, मग भाताची लोंबी, शेवटी लक्ष्मीची पावलं.

तांदळाचं पाणी ओलं असताना धड दिसत नाही, वाळलं की पांढरं उमटतं. नवख्या पोरी घाबरून त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा बोट फिरवतात आणि मग भिंतीवर गांडुळं दिसतात. रश्मितानंही तेच केलं. मी कुंपणावरून म्हटलं, "भिंतीला नायटा झालाय का गं?" तिचा हात तिथंच थांबला. ती रडत नाही, उलट बोलत नाही, नुसती मिटून जाते.

"तू जा बघू हारा, तुझं दूध उतू चाललंय," नानीनं मला हाकललं. भिंत वाळेपर्यंत तिनं पोरीला चुरमुरे खायला घातले. मग जवळ नेऊन म्हणाली, "हा ठिपका बघ, कसा ऐटीत बसलाय. एकटा पडलाय बिचारा. उद्या त्याच्या दोन बहिणी आण."

दुसऱ्या दिवशी बहिणी आल्या. लोंब्यांची पाळी आली तेव्हा नानी म्हणाली, "ही एक दाण्यानं वाकलीय. बाकीच्या हिरव्या आहेत, पिकतील." पोरगी घरी येताना गुणगुणायला लागली. मी कुंपणाकडे जायचं सोडलं. मला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

पहिल्या गुरुवारी उजाडायच्या आत रश्मिता अंगणात बसली. मी चुलीशी होते. बाहेर आले तर पावलं वाळत आलेली, आणि झाडून सगळ्यांची बोटं रस्त्याकडे. लक्ष्मी आमच्या घरातून निघून चाललेली, तीही तिच्याच वाराला.

पुसायचीही सोय नाही, लक्ष्मीचं पाऊल कोण पुसणार? येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकल्या. रश्मितानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पावलांकडे, आणि तिला कळलं. तिनं वाटी खाली ठेवली. "मी सुरतेलाच जाते, बोउ," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात नानी आली आणि पावलांशी उकिडवी बसली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "भिंतीवर मी बोटं वर काढायला शिकवली. ही रस्त्याकडे तोंड करून मागं सरकत आली, ओल्यावर पाय पडू नये म्हणून. मग बोटं तिकडेच जाणार. पण टाच बघा तरी. पहिल्या वर्षी माझ्या हातून अशी आली नव्हती. आणि बाई चाललीय कुठं? माझ्याकडे. माझा हात हा असा, माझ्या दारात कोण काढणार होतं? ऊठ गं, तिला माझ्या उंबऱ्यापर्यंत ने, आणि मग परत घरी आण."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"उभी काय राहिलीस?" मी रश्मिताला म्हटलं. "उचल वाटी."

ऊन आलं तेव्हा गल्लीत पावलांच्या दोन ओळी झाल्या होत्या, एक जाणारी, एक येणारी. मी आमच्या उंबऱ्याशी वाकून बघितलं. एका पावलाला करंगळीच नव्हती. ओठांवर आलं होतं.

"टाच बरी आलीय," मी म्हणाले.

पोरगी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. लग्न होऊन आल्यापासून माझ्यापुढे एक टिपूस गाळलं नव्हतं तिनं. मला काय करावं कळेना, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नानी शहाणी, दुसरीकडे बघत राहिली.

"बोउ," नाक पुसत रश्मिता म्हणाली, "पुढच्या गुरुवारी भिंतींवरसुद्धा मीच काढणार."

"काढ," मी म्हटलं. "फक्त आत्तापासून तांदूळ भिजत घालू नकोस."