मागून म्हणणारं मशीन

एक मेची सुट्टी, त्यात वार सोमवार. श्रीपादराव बाहेरच्या खोलीत लुंगीवर पेपर वाचत बसले होते आणि सुमती ओट्यापाशी छुंद्यासाठी कैऱ्या किसत होती. श्रीपादरावांना बातम्या मोठ्यानं वाचायची सवय होती, आणि वाक्याच्या ऐन मध्यावर थांबून चहाचा घोट घ्यायची खोड होती. उरलेली बातमी सुमती आतून पुरी करायची.

"यंदाही डोंबिवलीला पाणी एक दिवस..."

"...आड," सुमती आतून म्हणाली.

"अगं, मला माझं वाक्य तरी पुरं करू देत जा!"

"तुमचा घोट होईस्तोवर बातमी शिळी होते हो."

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली तरी हे भांडण ताजंच होतं. खरं तर सोसायटीच्या गणपतीत श्रीपादरावांच्या आरत्या सुमतीच्याच जिवावर पार पडत. पुढे ताम्हन घेऊन ते उभे, मागच्या रांगेत ती. पहिला चरण ते रुबाबात म्हणत, दुसऱ्यात अडखळत, आणि बिल्डिंगीला काही कळायच्या आत सुमती मागून तो चरण उचलून तडीला नेई. बायकोला मागून बोलायची खोड आहे, असं तरीही ते सगळ्यांना सांगत.

इतक्यात दारावर थाप पडली. थाप म्हणजे कोपराची. बेल असताना कोपरानं दार ठोकणारं माणूस एकच, कोळीण भागीरथीबाई. हाताला मासळीचा वास, तो लोकांच्या बेलला लागायला नको, म्हणून गेली वीस वर्षं ती दारं कोपरानं वाजवत आली होती.

"भागीरथीबाई, आज सोमवार!" सुमती आतूनच ओरडली.

"म्हाईत हाय! दार उघर वैनी."

दारात भागीरथीबाई होती, पण डोक्यावर पाटी नव्हती. अंगावर घडीचं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. मागे तिचा मुलगा कान्हा, तिशीचा बाप्या, पँटीत शर्ट खोचून. नुसत्या हातांची भागीरथीबाई पाहायची सवय नसल्यामुळे सुमतीला ती क्षणभर दुसरीच कोणी वाटली.

"आज इकाया नाय आयले," ती म्हणाली. "घ्याया आयले. सायबांना मशिनीतला कलतं ना? तर चला आमचेबरोबर. मना गंगूचे जागी मशीन घ्यायची हाय."

ही गंगू कोण, हे सुमतीला ठाऊक होतं. रेतीबंदराकडच्या कोळीवाड्यात भागीरथीबाई धवलारीण होती. लग्नघरी हळदीच्या आधी धवले म्हणायचे, देवांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, मग जिवंत मानकऱ्यांना. हे काम धवलारणीचं. तिची सासू सरस्वती नावाजलेली धवलारीण होती. तिनं एकाच साली गावात आलेल्या दोन नव्या सुनांना हाताशी धरलं होतं, भागीरथी आणि गंगूबाई. भागीरथी पुढे, गंगूबाई मागे. पुढचीनं ओळ म्हणायची, मागचीनं शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत ती उचलायची आणि आख्खी ओळ परत म्हणायची. ती म्हणते आहे तोवर पुढची दम खाते आणि पुढली ओळ आठवते. उभं आयुष्य दोघींनी अशीच लग्नं लावली. दोघींचं एरवी एक मिनिट पटत नसे. चिंबोऱ्यांच्या भावावरून बाजारात एकमेकींचा उद्धार करत, आणि संध्याकाळी एका पाटाशी बसून धवला म्हणत. या चैत्रात गंगूबाई गेली.

"गुरवारी माझे भावाचे नातीची हलद हाय, शालनची," भागीरथीबाई जमिनीवर ऐसपैस बसत म्हणाली. "तिची आजी मरताना माझा हात धरून बोलली, पोरीचा धवला तूच म्हनायचा. आता मागं कोन? एकटीनं धवला होत नाय. दोन ओली म्हनल्या की दम सरतो नि तिसरी आठवत नाय."

"सुनेला घ्या ना मागे."

"तिचा सूर ऐकला तर शेजारचे घरचा दूध नासल."

"आणि गावातल्या मुली?"

"त्या लाजतात. त्यांना कराओके पायजे."

इथे कान्हा पुढे सरसावला. एमआयडीसीतली शिफ्ट सांभाळून त्यानं नवा जोडधंदा काढायचं ठरवलं होतं. गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेल्या गाण्यांच्या कॅसेटी लावायच्या, पाहुण्यांच्या हातात माइक द्यायचा, मधे मधे आपण बोलायचं. "वैनी, ठाण्याला हॉटेलात चालतं. हळदीला कोणी नाही केलं अजून. आपण पहिले! फक्त मिक्सर पाहिजे आणि त्याच्यात इको पाहिजे. मी आयेला सहज बोललो, इको म्हणजे आपण बोललेलं मशीन मागून परत म्हणतं. तर ती लुगडं बदलूनच आली."

"मंग?" भागीरथीबाई म्हणाली. "मागं म्हननारीच तर पायजे मना."

श्रीपादराव तोवर लुंगी बदलून आलेसुद्धा होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी चार महिने अभ्यास करून एक टू-इन-वन घेतला होता. तेव्हापासून पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्या यंत्रांच्या बाबतीत बिल्डिंग त्यांचं मत घेई, आणि त्यांना ते आवडे. सुमतीनं किसलेल्या कैरीवर झाकण ठेवलं आणि पायात चपला घातल्या. हे दोघं पुरुष त्या बाईला काय गळ्यात बांधतील याचा नेम नव्हता.

मानपाडा रोडवर उत्तमशेठचं साउंडचं दुकान होतं. लग्नसराईत त्यांना कसली आलीय एक मेची सुट्टी! उत्तमशेठ समोरासमोरसुद्धा माइकवरच बोलत. "या... या... या... बसा... सा... सा..." त्यांनी चौघांचं स्वागत केलं, आणि आपण एखाद्या गुहेत शिरल्यासारखं सुमतीला वाटलं.

काउंटरवर तीन मिक्सर मांडले होते. पहिला एवढा मोठा, की त्यावर दोन माणसांचं जेवण वाढता आलं असतं. श्रीपादराव मागे हात बांधून वाकले. "वॉट किती?"

"साहेब, वॉट अँप्लिफायरचे. हा मिक्सर."

"तेच विचारतोय," श्रीपादराव म्हणाले आणि शांतपणे दुसऱ्या मिक्सरकडे सरकले.

कान्हानं माइक घेतला. उत्तमशेठनी एक कॅसेट लावून इकोचं बटण निम्म्याच्या पुढे फिरवलं, आणि कान्हा डोळे मिटून गाऊ लागला. खरंच बरं वाटत होतं. सूर जिथे घसरे तिथे मागचा नाद पुढे येऊन त्याला सावरून घेई.

"बघा! इको म्हणजे मेकअप आहे, मेकअप," उत्तमशेठ म्हणाले. "आता बिनइकोचं ऐका." त्यांनी बटण बंद केलं. न्हाणीतून टॉवेलाशिवाय बाहेर पडलेल्या माणसासारखा कान्हाचा आवाज एकदम उघडा पडला. कान्हानं घाईघाईनं माइक खाली ठेवला.

"शेठ, फुल ठेवा. बटण तोडून टाका तिथंच."

"फुल नको," सुमतीच्यानं राहवलं नाही. "हिंगासारखं आहे ते. चिमूटभर घातलं तर वरण, मूठभर घातलं तर औषध."

"माझा बगा आधी," भागीरथीबाई उठली. पदर खोचून तिनं माइक हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि तोंडाशी नेऊन, वीस वर्षं चौथ्या मजल्यापर्यंत 'बोंबील गोऽऽ' पोचवलेल्या त्या गळ्यानं ओळ सोडली.

"खारीचे काठाला मांडव घातिलाऽऽ..."

मिक्सरवरचे सगळे लाल दिवे एकदम पेटले, स्पीकरनं कर्कश शिट्टी मारली, आणि उत्तमशेठ काउंटरवरून झेपावले. "आजी, लांब धरा! लांब! अजून लांब! खालीच ठेवा तो!"

शिट्टी थांबल्यावर मागून मशीन म्हणालं, "ला... ला... ला..."

भागीरथीबाई थांबली. स्पीकरकडे बघत राहिली. "ही नुसती ला-ला करतं. ओल कुटं हाय?"

"शेवटचंच परत येणार ना, आजी."

"आख्खी म्हनाया सांग तिला."

उत्तमशेठनी श्रीपादरावांकडे पाहिलं. श्रीपादरावांनी जाणकारासारखी मान हलवली. "डिले वाढवा. म्हणजे ती जरा उशिरा सुरू होईल. आणि ते रिपीट..." ते थांबले.

"...कमी करा," सुमती म्हणाली.

"अगं, मी सांगतोय ना!"

डिले वाढवला. भागीरथीबाईनं पहिली ओळ म्हटली, दम घेतला आणि दुसरी सुरू केली, तोच पहिलीचं शेपूट मशीननं दुसरीच्या पोटात घुसवलं. ती पुन्हा थांबली. "थांब गो बाय, मना बोलू दे!" ती स्पीकरवर खेकसली. "तोंडात तोंड घालून गंगू कधी बोलली नाय. माझी सासूपन नाय बोलली."

मग श्रीपादरावांनी स्वतः एक बटण फिरवलं. त्यानं आवाज असा काही खोल गेला, की भागीरथीबाईनं दोन शब्दांतच माइक दूर धरला. "ही तर इहिरीत परली! कारा तिला वर."

कान्हा वैतागला. "आये, सोड ना. तू घरी बसून म्हण, मी टेप करतो. एकदा तू पुढं, मग तूच मागं. गुरवारी कॅसेट लावू. सगळ्या लग्नांना कामाला येईल."

"कॅसेटीला नवरीचा नाव म्हाईत असल?" ती शांतपणे म्हणाली. "शालनचे धवल्यान शालनची आजी, पनजी, तिचे घरचे देव. दुसरे लग्नान दुसरी. तुजी कॅसेट शेजारनीचे हलदीला शालनचे आजीला बोलवील, नि ती बिचारी येल पन! भलत्याच मांडवान!"

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. भागीरथीबाईनं माइककडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत सुमतीनं न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजी आख्खी ओल म्हननारी नाहीच मिलत का?"

"कंपनी बनवतच नाही, आजी," उत्तमशेठ पहिल्यांदाच माइकशिवाय बोलले.

"एक डाव अजून बगू," ती म्हणाली. माइक तिनं काउंटरवर ठेवून दिला होता, तसाही तो तिला लागत नव्हता. डोळे मिटून तिनं पुढची ओळ धरली.

"शालन बायचे पाटाला हलद मांडिलीऽऽ..."

काउंटरवरच्या माइकनं जमेल तेवढं टिपलं आणि मशीन म्हणालं, "ली... ली... ली..."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या सुमतीला मघापासून ती अर्धी शेपटं ऐकून कसंतरीच झालं होतं. दूध उतू जाताना जसा हात आपोआप गॅसकडे जातो, तसा तिचा आवाज निघाला. शेवटचा शब्द हवेत असतानाच तिनं तो उचलला आणि आख्खी ओळ म्हटली. "शालन बायच्या पाटाला हळद मांडिलीऽऽ..."

"अगं, त्यांना त्यांची ओळ तरी पुरी..." श्रीपादराव म्हणाले.

भागीरथीबाईनं न वळता हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं भरून दम घेतला आणि पुढची ओळ टाकली. सुमतीनं उचलली. मग तिसरी, मग चौथी. चौथ्या ओळीत देवाचं नाव आलं, पाचवीत शालनच्या आजीचं. भागीरथीबाईचे खांदे हळूहळू खाली आले, आता तिला कसलीच घाई उरली नव्हती. समोरचा झेरॉक्सवाला फुटपाथवर येऊन उभा राहिला. उत्तमशेठ मिक्सरवर वाकून एकेक बटण तपासत होते. "इको तर मी दुसऱ्या ओळीलाच बंद केला," ते पुटपुटले.

धवला थांबला. सुमतीचे कान तापले होते, ती उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"हलद म्हनायचा, हलद," भागीरथीबाई तिला म्हणाली. "हळद नाय. आमचे देवांना तुमची शाला नाय झाली."

"हलद," सुमती म्हणाली.

"हां."

मग ती काउंटरकडे वळली आणि चार माइकांच्या लहान मिक्सरवर बोट ठेवलं. "कान्हा, तुला हा घे. इकोवाला. तुजा आवाज झाकायला कायतरी पायजेच."

"आये!" कान्हा म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला होता. श्रीपादरावांनी मिक्सर चारही बाजूंनी पाहून, आपण पहिल्यापासून हाच सुचवत होतो, असं उत्तमशेठना सांगितलं. खोकं बांधताना सुतळी कुठून न्यायची यावरही त्यांनी मत दिलं.

खोकं घेऊन दोघे पुरुष रिक्षा शोधायला पुढे गेले. भागीरथीबाई दुकानाच्या पायरीवरच रेंगाळली. सुमतीला माहीत होतं, ही बाई काही मागत नाही. वीस वर्षांत तिनं कधी दारात पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. सुमतीनं दिला तर प्यायची, नाही दिला तर पुढच्या दारी जायची. आता ती अंबाड्यातला वळेसर काढून हातात घेऊन उभी होती, आणि भाव सांगताना कधी न अडखळणारी तिची जीभ अडखळत होती.

"काय झालं, भागीरथीबाई?"

तिनं तो वळेसर सुमतीच्या हातात ठेवला.

"वैनी, गुरवारी हलदीला माझे मागं बसशील?"