राजोडीच्या तारेवरचे बोंबील आणि आकाशातली शीळ

बोळिंजला बहिणीच्या घरून निघताना भाऊजींनी माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "ताई, एवढी तार? कपडे वाळत घालायचेत?"

मी हसून पिशवी बंद केली. सारा जन्म मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवलं. वीज चमकली की तिच्या रेडिओ लहरी ढगांच्याही पार वर जातात, तिथल्या भारित कणांच्या थराला ढवळतात, तापवतात. काही लहरी त्या थरावर आपटून खाली परततात. हे फळ्यावर लिहून हात दुखले, पण परतलेल्या लहरीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पुण्यात विजेच्या तारांची घरघर सगळं गिळते. बहिणीच्या गच्चीवरही तेच. उद्या परतायचं होतं. आज नाही तर कधीच नाही, असं वाटून मी हट्टाला पेटले.

वाटेत आगाशीच्या बाजारात सुकेळी (उन्हात वाळवलेली गोड केळी) घेतली आणि बसमध्येच निम्मी संपवली.

राजोडीला सुरूच्या बनामागे बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव होते. फिलोमिनामावशी नावाच्या कोळणीने एक रिकामा मांडव मला दिला. लहरी पकडायला त्यावर तारेचे वेढे घालून मी चहाला गेले. परत येऊन बघते तर माझ्या तारेवर बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवून ओळीने लटकलेल्या!

"मावशी, हे काय केलंत?"

"अगं बाय, तार मोकली व्हती. मोकली तार कोन ठेवतं?"

चिडावं की हसावं कळेना. बोंबील उतरवेपर्यंत सूर्य बुडाला. ते एका परीने बरंच झालं, कारण हा आवाज अंधार पडल्यावरच नीट येतो. दूर तुंगारेश्वरच्या डोंगरामागे विजा चमकत होत्या. तार छोट्या रिसीव्हरला जोडून मी हेडफोन चढवले. पुन्हा तीच मेली घरघर! मला रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात डोंगराकडे मोठा लखलखाट झाला आणि किनाऱ्यावरचे सगळे दिवे गेले. "गेली लाईट!" बनापलीकडच्या लॉजवाल्यांनी कपाळावर हात मारला. माझ्या कानातली घरघर मात्र एकदम थांबली. आधी नुसती तडतड. मग वरून खाली घरंगळत आलेली बारीक शीळ, "टिऊं!" आणि मागोमाग दुसरी.

"ऐकलं! मी ऐकलं!" या वयात मी वाळूत गिरकी घेतली. मग हेडफोन मावशींच्या कानाला लावले. त्यांनी मान वर केली.

"बाय, वरती कोन हाय?"

"वर विजेचे बारीक कण आहेत. वीज त्यांना हलवून आली, तिची ही शीळ."

"आनि येवडी वर्सं कुनी सांगितला नाय!" हेडफोन मला मागून घ्यावे लागले.

पुण्यात परतले त्याला बरेच दिवस झाले. हल्ली लाईट गेली की सगळी सोसायटी कुरकुरते आणि मी तार घेऊन गच्चीकडे धावते. तारेला लागलेला बोंबलाचा वास काही जात नाही. माझ्यामागून दोन मांजरंही वर येतात आणि आम्ही तिघं आकाशाकडे कान लावून बसतो.