पंचाची सही

वेस्ट मांबलमला आमच्या खालच्या मजल्यावर एक पोलीस इन्स्पेक्टर राहतात. तंजावरकडचे, जुनी मराठी तमिळच्या हेलात बोलतात. दर रविवारी सकाळी दाराबाहेर चपला नीट जोडून माझ्याकडे पोलिसी सिनेमा पाहायला येतात, पण संपायच्या आधीच उठतात. "शेवट ठाऊक असतो, सार," म्हणतात.

परवा फ्रेंच सिनेमा होता. त्यातला डिटेक्टिव्ह एका निरपराध माणसाच्या खोलीत स्वतःच पिस्तूल ठेवतो आणि स्वतःच शोधून काढतो.

"हे खोटं," कॉफीचा टंबलर खाली ठेवत ते म्हणाले. "पंच कुठे? भल्या माणसाची सही नसली तर कोर्ट मानील का?"

"म्हणजे भली माणसंसुद्धा तुम्हाला लागतात!" बायको आतून म्हणाली.

"लागतातच, अक्का." ते हसले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी एक पंचनामा माझ्या दारात आणला होता. गिंडीतल्या एका फिटरच्या पेटीत गांजा सापडला, असं त्यात लिहिलं होतं. मी तिथे गेलोच नव्हतो. शेजारी आहेत, सरकारी नोकराची सही हवी म्हणतात, म्हणून केली. फिटर अजून तुरुंगात आहे.

मी सिनेमा थांबवला. "बुधवारी माझी साक्ष आहे. मी तिथे नव्हतो, हे सांगणार आहे."

त्यांनी टंबलर उचलला. तो रिकामा होता.

"माझी वर्दी जाईल, सार."

"हो. माझंही काही खरं नाही."

ते दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लावा पुढे."

त्या दिवशी ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसले.