एकाच माशाचे चार फोटो

पावसाळा सरला की मी मत्स्य खात्यातर्फे पुसदजवळच्या डोहात दुर्मीळ मासे मोजायला जायचो. जाळं टाकणारा म्हातारा मासा उचलण्याआधी, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून, हात ओले करायचा.

एका वर्षी एकच महाशीर सापडला. आकडा घटला की वरच्या साहेबांना कारण द्यावं लागतं; म्हणून मी त्याचेच चार बाजूंनी फोटो काढून चार मासे लिहिले.

"दमला ना तो, साहेब. बाकीचे तीन उद्या मोजजा," म्हातारा म्हणाला.

विणीच्या दिवसांत डोहात मासेमारी बंद ठेवा, हा अर्ज म्हाताऱ्याचाच होता. माझ्या आकड्यावरून 'मासे पुरेसे' म्हणत तो फेटाळला गेला.

पुढच्या वर्षी जाळं रिकामं आलं. त्यानं हात ओले केले, जाळं माझ्यापुढं धरलं.

"काढा ना फोटो, चारी बाजूनं."

फोटो मी काढला नाही. आकडा मात्र चारच लिहिला.