फुकटातली बेटप्रदक्षिणा

वार्दिसनं नकाशा पसरला तेव्हा कालिरोईच्या कॉफीच्या दुकानात आम्ही तिघंच गिऱ्हाईकं होतो, आणि त्यातला एक झोपलेला होता. नकाशा भाड्यानं गाड्या देणाऱ्यांकडचा, फुकटचा. त्यावर आमचं क्रीट बेट वाळत घातलेल्या कातड्यासारखं आडवं पसरलं होतं. आमचं गाव मात्र एका हॉटेलाच्या जाहिरातीखाली गेलं होतं.

"ईस्टर झाला की निघणार," तो म्हणाला. "सगळ्या बेटाला फेरी. खर्च काय तो डिझेलचा."

"आणि झोपणार कुठं? गाडीत?" कालिरोईनं विचारलं.

"माझ्या पोरांकडं."

वार्दिसला मूलबाळ नव्हतं. होते ते धर्मपुत्र. तीस वर्षं तो छोट्या टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या, टब आणि बादल्या विकत बेटभर हिंडला. टपावर भोंगा, भोंग्यात त्याचाच आवाज. डोंगरातल्या गावांत बाप्तिस्मा म्हटलं की दोनशे माणूस जेवायला, म्हणजे दोनशे खुर्च्या. बाळाचा धर्मबाप म्हणून लोकांना खरं तर खासदार हवा असतो, नाही तर निदान डॉक्टर. दोन्ही मिळाले नाहीत की वार्दिस. तो बाळाचे कपडे आणायचा, सोन्याचा क्रूस आणायचा आणि खुर्च्या सवलतीत द्यायचा, जे कुठलाच खासदार करत नाही.

बाळाचा बाप आणि धर्मबाप एकमेकांना 'सिंतेक्ने' म्हणून हाक मारतात. हे नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट समजतात, आणि त्यात तथ्य आहे. भावाशी जमिनीवरून भांडता येतं. इथं भांडायला विषयच नसतो.

एक नियम तेवढा पाळायचा असतो. बाप्तिस्म्यात धर्मबाप बाळाला तेल लावतो; एकाच हातानं तेल लागलेली मुलं आपापसांत भावंडं ठरतात, त्यांचं लग्न लागत नाही. म्हणून शहाणा माणूस धरले तर सगळे मुलगे धरतो, नाही तर सगळ्या मुली. वार्दिसनं सहा मुलगे धरले आणि एक मुलगी. मुलगी त्याच्या बायकोसाठी, गारिफालियासाठी. तिला एकदा तरी गुलाबी कपडे विकत घ्यायचे होते. तेव्हा वार्दिसनं हाच विचार केला होता की पोरगी बेटाच्या पूर्व टोकाला, बाकीचे पश्चिमेला आणि मध्ये. मध्ये एवढे डोंगर आहेत. डोंगरांवर त्याचा फार विश्वास.

गारिफालिया गेली त्याला दोन वर्षं झाली. या जानेवारीत वार्दिस स्वयंपाकघरात पडला आणि पाववाल्या बाईनं गाडीचा हॉर्न वाजवून वाजवून शेवटी आत डोकावून पाहीपर्यंत तो फरशीवरच होता. "फरशी गार होती, पण झोप लागली," असं त्यानं सांगितलं. त्यानंतर महिन्याभरात नकाशा आला.

फेरी कशासाठी, हे मला आणि कालिरोईला, दोघांनाही कळलं होतं, झोपलेल्यालाही कळलं असावं. आमच्याकडं म्हातारा माणूस 'मला ठेवून घ्या' म्हणत नाही. तो पाहुणा म्हणून जातो. जे ठेवून घेतील त्यांना मागाहून घर आणि ऑलिव्हची झाडं मिळतात, आणि हेही कोणी बोलत नाही. वार्दिसच्या मागे चांगली शंभर झाडं होती.

"रिकाम्या हातानं जाशील?" कालिरोई म्हणाली. "ईस्टरची मेणबत्ती कधी पाठवलीस पोरांना शेवटची?"

वार्दिसनं नकाशावरची सुरकुती सपाट केली. दर ईस्टरला धर्मबापानं मेणबत्ती द्यायची असते. ती तो टेम्पोतून द्यायचा. टेम्पो विकला, मार्ग संपला, मेणबत्ती संपली.

"मोठी झाली ती आता," तो म्हणाला. "मेणबत्त्या काय करतील?"

"तुझं काय करतील?"

यावर त्यानं कॉफी मागितली.

मग आठवडाभर तो दुकानातल्या फोनवरून एकेका घरी बोलला. या बोलण्यालाही रीत आहे. 'तिकडून जाणार होतो' एवढंच म्हणायचं. पलीकडून 'आमच्याकडंच उतरायचं' आलं तर दार उघडं. 'कॉफीला या' आलं तर दार बंद, पण कडी हळू लावलेली.

पहिल्या घरी धर्मपुत्रानं माडीवरच्या खोल्या पर्यटकांना दिल्या होत्या. "आधी कळवलं असतंत तर," तो म्हणाला. कॉफीला या. दुसरा जर्मनीत. तिसऱ्याच्या बायकोनं सांगितलं की ते आंघोळ करताहेत. दुसऱ्या दिवशीही ते आंघोळच करत होते.

"स्वच्छ माणूस आहे," कालिरोई म्हणाली.

चौथा स्फाकियातला मेंढपाळ. धर्मबापाला मारायची 'नोने' ही हाक तो फोनमध्ये इतक्या मोठ्यानं ओरडला की झोपलेला जागा झाला. "नोने! बोकड कापतो! दोन कापतो!" वार्दिसचा चेहरा उजळला, मग हळूहळू उतरला. बोकड कापतात तो पाहुण्यासाठी. पाहुणा तिसऱ्या दिवशी निघतो. राहणाऱ्या माणसासाठी मसूर शिजवतात.

शिवाय स्फाकियाचा रस्ता समुद्रापर्यंत उतरतो आणि तिथं संपतो. दक्षिण किनारा सगळा असाच. एका गावातून शेजारच्या गावात जायचं तर पुन्हा अख्खा डोंगर चढायचा. बेटाला फेरी मारता येते ही समजूत नकाशे छापणाऱ्यांची आहे.

पाचवा नीट बोलला आणि कॉफीवर थांबला. सहावा पोलिदोरोस, पश्चिमेच्या सेलिनोचा. त्याचा फोन लागेना. म्हणून वार्दिसनं आधी पूर्वेला फोन केला, मुलीच्या घरी. मुलीचं नाव रोदांथी. फोन तिच्या आईनं घेतला.

"तिला भेटायला इकडं येऊ नका. ती इथं नसते," आई म्हणाली. मग आवाज खाली आला. "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?"

वार्दिसनं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि येऊन बसला.

"रोदांथी इराक्लिओत असते," तो म्हणाला. "पोलिदोरोसही तिथंच असतो. एकाच घरात. सात वर्षं झाली, एक पोरगाही आहे." त्यानं नकाशावरच्या दोन्ही टोकांच्या खुणा खोडल्या आणि मध्ये एक केली. "दोन मुक्कामांचा एक झाला. डिझेल वाचलं."

कोणी हसलं नाही. तोही नाही.

झालं होतं असं. दोघं इराक्लिओत कामाला होती, तिथं जमलं. लग्न ठरवलं, पाहुण्यांची नावं काढायला बसली, आणि दोघांनी पहिलं नाव एकच घेतलं, धर्मबापाचं. पाद्रीनं हात जोडले. दोन्ही बापांनी दारं लावली. त्यांनी नगरपालिकेत सह्या करून संसार मांडला. तो संसार दोन्ही गावांच्या लेखी भावाबहिणीचा होता. पोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, कारण आजोबांशिवाय करायचा कसा?

"नियम मी मोडला," वार्दिस म्हणाला, "आणि घरं त्यांची मोडली."

ईस्टरची वाट न बघता आम्ही निघालो. गाडी माझी, डिझेल त्याचं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर तो थांबायचा आणि शेजाऱ्यांच्या दारांवरची नावं वाचल्यासारखं करायचा.

दार रोदांथीनं उघडलं. आधी ओळखलं नाही. मग म्हणाली, "नोने? आत्ता सुचलं होय यायला? मेणबत्तीची वाट बघून बघून पोरगं झालं मला!"

"जिना फार आहे तुझा," वार्दिस म्हणाला.

"जिना सात वर्षांपूर्वीही एवढाच होता."

पोलिदोरोस, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, बंदरावर क्रेन चालवायचा. त्यानं म्हाताऱ्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि खुर्ची पुढं केली. ईस्टरआधीचा उपास होता, त्यात मटण-मासळी चालत नाही पण बिनरक्ताचं माकूल चालतं, म्हणून रोदांथीनं बडीशेपेच्या पाल्यात शिजवलेलं माकूल वाढलं. लग्न न लावणाऱ्या चर्चचा उपास ती काटेकोर पाळत होती. पोरगा टेबलाखाली वार्दिसच्या बुटाची नाडी सोडत होता.

"कोण येतं का तुमच्याकडं?" वार्दिसनं विचारलं.

"मीटर वाचणारा येतो," पोलिदोरोस म्हणाला.

"आई चोरून फोन करते," रोदांथी म्हणाली. "मागल्या महिन्यात तिची शस्त्रक्रिया झाली. बाबांनी मला कळू दिलं नाही. मी आले असते तर गावानं पाहिलं असतं ना." ती ताट उचलायला उठली आणि आतून बोलली, चेहरा दिसू नये म्हणून असेल, "नोने, पोराची एक छोटी खोली आहे. तो आमच्याकडं झोपेल. हिवाळ्याला तुम्ही इकडंच या. एकटं नका राहू."

तेवढ्यासाठीच हा माणूस नकाशा घेऊन बसला होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो पोराच्या डोक्यावर हात ठेवून होता आणि मान हलवत होता. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला तेव्हा समजलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "मास्तर, पश्चिमेकडं घ्या."

"आपलं गाव तर मागं पडेल."

"पडू दे."

सेलिनोत पोलिदोरोसचा बाप दारातच भेटला. वार्दिसनं त्याला उभ्या उभ्या सांगितलं की रोदांथीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून घेतलं ते गारिफालियानं, तेल तिनं लावलं, धर्मआई ती होती; हात वेगळे, म्हणजे पोरं भावंडं नव्हेत. वार्दिस नुसता मागं उभा होता. नाव पुरुषाचं घेतात म्हणून त्याचं झालं. बापानं विचारलं, "हे सात वर्षं का नाही सांगितलं?" वार्दिस म्हणाला, "सात वर्षं मला कोणी विचारलं नाही." हे मात्र खरं होतं. बाप आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

पश्चिमेचं काम सोपं होतं, कारण तिथला बाप रोदांथीच्या बाप्तिस्म्याला हजर नव्हता. पूर्वेचा हारिदिमोस, रोदांथीचा बाप, हजर होता. त्यानंच बाळ वार्दिसच्या हातात दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो तेव्हा तो द्राक्षवेलींवर गंधक उडवत होता. भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या.

"सिंतेक्ने," वार्दिस म्हणाला, "एक गोष्ट इतकी वर्षं चुकीची सांगितली जातेय." आणि त्यानं ती सांगितली.

हारिदिमोस वेलींच्या ओळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"गारिफालियानं घेतलं?"

"तिनंच."

"मग तुझ्या हातात काय होतं?"

"मेणबत्ती."

"हं. मेणबत्ती." त्यानं गंधकाची पिशवी खाली ठेवली. "आता आठवतंय. निळा झगा होता तिचा."

"निळाच."

"हिरवा होता," खिडकीतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"निळा!" दोघं एकदम ओरडले, आणि खिडकी बंद झाली. आतून रडण्याचा आवाज यायला लागला.

"पाद्री नवा आहे," हारिदिमोस म्हणाला. "त्याला सांगतो. त्याला तरी कुठं भांडणं हवीत?" मग तो बुटाच्या टोकानं ढेकळं फोडत राहिला. "पण एक आहे. पोरगी आईला म्हणत होती, तुला खोली देणार म्हणून."

"म्हणाली खरी."

"लोक खुळे नाहीत. जो तिचा कोणी नाही, तो म्हातारपण काढायला तिच्याकडं कसा, असं विचारतील."

"विचारतील."

"त्यांनी विचारायला नको."

"नको," वार्दिस म्हणाला.

जेवायला थांबा असं कोणी म्हटलं नाही. नातं नसलेल्या माणसाला कोण थांबवून घेतं? फाटकाशी हारिदिमोसनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, सोडवेना. "नीट जा, वार्दिस," तो म्हणाला. नुसतं वार्दिस. हात सुटला तेव्हा म्हाताऱ्याचा पंजा पिवळा झाला होता.

रस्त्यात मी विचारलं, "रोदांथीला काय सांगशील?"

"जिना झेपत नाही म्हणून सांगीन."

अंधार पडला होता आणि आम्हा दोघांनाही रात्री नीट दिसत नाही. सितियाच्या बंदराशी 'खोल्या मिळतील' अशी पाटी होती. मालकीणबाई नुकताच रंग दिलेल्या खिडक्यांना वर्तमानपत्र लावत होती; हंगाम सुरू व्हायचा होता. तिनं दोन पलंगांची खोली दाखवली, पैसे आधी घेतले. इतकी वर्षं बेटावर हिंडून वार्दिसनं बिछान्याचे पैसे कधी दिले नव्हते. त्यानं गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकीतून समुद्र दिसतो का ते पाहिलं. दिसत होता.

"तळमजल्याला खोली आहे?" त्यानं विचारलं.

"आहे एक. मागल्या बाजूला."

"महिन्याचा काय भाव पडेल? समजा, नोव्हेंबरपासून?"

बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं, मग माझ्याकडं.

"काका," ती म्हणाली, "हिवाळ्यात आम्ही बंद असतो."