भाजलं काय गो?

आमच्या गावदेवी सोमजाईवर मी अकरा महिने रुसून होते, हे आधीच कबूल करते. कुडपणहून निघताना तिची ओटी भरून मी आखातात घरकामाला गेले. पोचताच मालकिणीने पासपोर्ट कपाटात टाकला, फोन काढून घेतला, आणि पगाराचं तर नावच नाही. बाहेर जाताना ती मला कोंडून जायची. गावी माझी चार वर्षांची लेक आईजवळ होती. ती मला विसरेल या धास्तीने घास उतरत नसे. तेव्हा देवीला मी मनातल्या मनात चांगलं सुनावलं, की तुझी हद्द गावच्या शिवेपाशीच संपत असणार.

एका सकाळी पातेल्यातलं गरम पाणी हातावर सांडलं आणि तोंडून "आये गो" निघालं. मागून आवाज आला, "भाजलं काय गो?" मी हात जोडले आणि वळले ती थेट खिडकीकडे. मला वाटलं, देवीच बोलली. दारात मात्र भाजीची पेटी घेतलेला दाढीवाला माणूस उभा होता आणि माझ्याकडे बघतच राहिला होता. महाडजवळच्या गावचा मुसलमान भाजीवाला होता तो. तिथे हिंदी बोलणारे खूप भेटले होते, पण मला ‘गो’ म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. मला रडूच कोसळलं.

मग कोथिंबिरीखाली चिठ्ठ्या येऊ लागल्या. कचरा टाकण्यापुरतं मला खाली सोडत. एका शुक्रवारी दुपारी मी खाली गेले ती परत वर गेलेच नाही. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे कोपऱ्यावर एक गाडीवाला थांबला होता, तो म्हणाला, "बस गो." त्याने मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे सोडलं, ती म्हणाली, "ये गो आत." तिसऱ्या दिवशी तिने मला दुसऱ्याच कुणाबरोबर वकिलातीत पोचवलं, तिथे परतीचे कागद झाले. मी जात्याच चौकस. प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं, पुढे कोण भेटणार? सगळ्यांचं उत्तर एकच, "म्हाईत नाय गो. माझं काम येवढंच हाय."

घरी आले तेव्हा लेक आधी आजीच्या पदराआड लपली. संध्याकाळी आपणहून मांडीवर येऊन बसली. पण ती माणसं कोण, हे डोक्यातून जाईना. विचारत विचारत महाडजवळच्या त्या गावी भाजीवाल्याच्या आईकडे गेले. "माझा पोरगा भाजी इकतो, बाकी मला नाय ठावं," म्हणत तिने चहा पाजला आणि माझाच नंबर लिहून घेतला. मी हात हलवत परत आले.

महिन्याभराने भाजीवाल्याचा फोन आला. "पोलादपूरची एक बाय हाय, हितं कोंडून ठेवलीय. फोन आज कसाबसा तिच्या हाताला लागलाय. ती आमच्यावर भरोसा ठेवत नाय. तू बोल."

"कोण? कुणाची?" मी सवयीने विचारलं.

"नाव कशाला हवं गो? जोडून देतो, तू बोल फक्त."

आयुष्यात पहिल्यांदाच मी पुढचा प्रश्न गिळला. काय बोलायचं ते सुचेना. म्हटलं, सोमजाई, तूच सुचव. आणि तोंडातून आलं, "जेवलीस काय गो?"

पलीकडून हुंदका आला. ते रडणं माझ्या ओळखीचं होतं. देवीची हद्द कुठवर, हे मी आता कुणाला विचारत नाही. तिने माझ्याकडूनही एवढं काम करून घेतलं, यातच मी भरून पावले. ती बाई बोलती होईपर्यंत मी फोन कानाला धरून बसून राहिले.