माणसाला न घाबरणारा मेंढा

इकडे उत्तरेत, शहराच्या कडेला चिनहटच्या पलीकडे आमचं घर आहे आणि मागच्या कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत बायकोच्या चार मेंढ्या. मुलगी नोकरीला बाहेरगावी गेली आणि हिने हौसेने त्या पाळल्या. मेंढा निवडायला मात्र मी पुढे झालो. मी रेल्वेत इंजिनिअर. यंत्राची पारख असलेल्याला जनावरही कळतं, असं मला उगाचच वाटायचं.

तेलीबागेत एका घरी दोन मेंढे विकायला होते. एक कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला, आम्हाला जवळच येऊ देईना. दुसरा सरळ चालत आला आणि त्याने माझ्या तळहातावर कपाळ टेकवलं. घरधनीण म्हणाली, "बिल्कुल बच्चे की तरह पाला है, भाईसाहब. बोतल से दूध पिलाया है."

बायको हळूच म्हणाली, "कोपऱ्यातला घेऊ या. माणसाला बिचकतो, ते बरं असतं."

"भित्रा घेऊन काय करायचंय?" मी हसलो आणि दुसरा घेतला.

रोज संध्याकाळी मी त्याचं कपाळ खाजवायचो. तो रेटायचा, मीही रेटायचो. आपण त्याला काय शिकवतोय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मेंढ्या माजावर आल्या आणि त्याची नजर बदलली. एकदा मी पाण्याची बादली ठेवत होतो. तो चार पावलं मागे सरला. मला वाटलं, वाट देतोय. पुढच्या क्षणी मी चिखलात आडवा होतो.

मांडी काळीनिळी झाली. बायकोला सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. खरं सांगितलं असतं तर निवड चुकली हे कबूल करावं लागलं असतं. एवढंच कारण. याहून चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

हिला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. त्या बाजूने मागून काही आलं तर कळत नाही. हे मला लग्नापासून ठाऊक. तरी मी हजरतगंजच्या ऑफिसात बसून तिला फोन करायचो, "जेवलीस का?" आणि तिचा आवाज आला की श्वास सोडायचो. एकदा तिने बराच वेळ फोन उचलला नाही, तेव्हा फाइलवरची अक्षरं मला दिसेनात. ती सब्जी घेत होती.

एका रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ती पाठमोरी वाकून लेंड्या झाडत होती. मेंढा तिच्यापासून सावकाश मागे सरत होता.

मी ओरडलो. तिने वर पाहिलं नाही. अनवाणी धावलो आणि तिला जोरात बाजूला ढकललं. मेंढा माझ्या नडगीला घासून गव्हाणीवर आदळला, फळी फुटली. ती कुंपणाच्या खांबावर पडली होती, मनगट वेडंवाकडं.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

मी मेंढ्याला दोरीने बांधलं. दवाखान्यात रिक्षातून जाताना मी सगळं सांगितलं. मांडीचंही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे रोज सकाळी तुम्ही मला आत जाऊ दिलंत."

मेंढा खाटकाला दिला. दुसऱ्या घरी देण्याचा विचार मनात आला होता, तो मी बोलून दाखवायच्या आतच ती म्हणाली, "आणखी कुणाच्या दारात नको." नंतर तेलीबागेतला तो कोपऱ्यातला मेंढा तिने स्वतः जाऊन आणला.

तो खरंच बिचकतो, लांब राहतो. माझी भीती काही जात नाही. ती प्लास्टरचा हात सांभाळत आत जाते, तेव्हा मी दाराशी तिच्या उजव्या बाजूला उभा असतो.

"काय करतोय?" ती मागे न बघता विचारते.

"चरतोय."

"आता?"

"तुझ्याकडे बघतोय. जागेवरच आहे."

"सांगत राहा," ती म्हणते आणि खाली वाकते.